बघणाऱ्या बायका

मे महिन्यात पेणला एका लग्नाला गेले होते. भाचीचं लग्न, म्हणजे आम्ही मुलीकडचे. हॉलमधले पंखे नुसते फिरत होते, वारा कुठेच लागत नव्हता. जिलबीच्या पाकाचा आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. मठ्ठ्याच्या पिंपापाशी मी पेला घेऊन उभी होते. पलीकडून एक बाई आली, तिनेही पेला पुढे केला. वांगी रंगाची पैठणी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. चेहरा इतका ओळखीचा की नात्यातलीच कुणीतरी असणार असं समजून मी हसायलाही लागले होते. तिचंही तेच चाललं असावं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या काळ्या पर्सवर गेली आणि दोघींना एकदमच उलगडलं. ती माझ्या ८:१७च्या लोकलमधली. फॉल लावणारी. मी काही बोलणार तेवढ्यात स्टेजकडून कुणीतरी तिला हाक मारली. नाव, आणि पुढे मावशी. नवरामुलाबरोबर फोटो काढायचा होता. ती पेला तसाच ठेवून लगबगीने निघून गेली, आणि इतक्या वर्षांत माहीत नसलेलं तिचं नाव मला कळलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिने मला ते सांगितलेलं नाही.

परतताना एसटीत बसून मी आठवत होते, हिच्याबद्दल आपल्याला नक्की काय काय माहीत आहे. ती पनवेलला नाहीतर खांदेश्वरला चढत असणार, कारण नेरूळला मी आत शिरते तेव्हा ती खिडकीपासून दुसऱ्या सीटवर बसलेली असते आणि काम सुरू झालेलं असतं. मांडीवर आधी एक स्वच्छ धुतलेला पंचा, त्यावर साडी. साडी कधीच पूर्ण उलगडलेली नसते, हातभर काठ तेवढा बाहेर, बाकीची घडी पायाशी पिशवीत. फॉलची खालची कड घरी मशीनवर मारून आणलेली असते, वरची कड गाडीत हाताने. तिची सुई कापडाचा एखाददुसराच धागा उचलते, त्यामुळे सुलट्या बाजूने टाका शोधूनही सापडत नाही. वाशी सोडताना गाडी सांधे बदलते, डबा हिसका खातो, उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींवर रेलतो. तो हिसका यायच्या आधीच तिची सुई कापडातून बाहेर आलेली असते. हे मी किती वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी बघावंसं वाटतं. तिच्या डाव्या तर्जनीच्या टोकाला काळपट, खरबरीत अशी एक जागा झाली आहे. कुर्ला जवळ आलं की ती दोरा दाताने तोडते, सुई ब्लाउजच्या खांद्याला टोचते आणि पंचाची घडी घालते. कुर्ल्याला जी गर्दी आत येते तिच्यात सुई हातात धरून चालत नाही.

लग्नसराईत पिशवी फुगते, पितृपक्षात रिकामी होते. एका वर्षी अख्खा श्रावण ती काही न शिवता बाहेर बघत बसली होती. मी विचारलं नाही, तिच्या शेजारणीनेही विचारलं नाही. भाद्रपदात पुन्हा पिशवी आली, पहिलीच साडी मोरपिशी होती, आणि मला दिवसभर कारण नसताना बरं वाटत राहिलं. एवढं सगळं माहीत असलेल्या बाईचं नाव मला अचानक, तिच्या परवानगीशिवाय कळलं होतं, आणि ते डोक्यातून जात नव्हतं. सोमवारी गाडीत भेटली तर तिच्याकडे पूर्वीसारखं बघता येईल का, ही खरी बोच होती.

बघता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मी कराडची. आमच्या आळीच्या तोंडाशी पिंपळाचा पार होता. संध्याकाळी तिथे पुरुषमंडळी बसलेली असायची, कुणी पेपर घेऊन, कुणी तंबाखू मळत. कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाची मुलगी कॉलेजातून उशिरा आली, कुणाच्या पिशवीतून कोंबडी चालली आहे, सगळं त्या पारावरून दिसायचं. त्यात वाईट काही नव्हतं, मला तर त्या बसण्याचा हेवाच वाटायचा. आम्हा मुलींना मात्र पारावरून जाताना खाली बघून चालायचं असायचं. आई तोंडाने काही म्हणायची नाही, फक्त कोपराला हात लावायची. आजीला गल्ली बघायची फार हौस, पण ती दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून बसायची, समोर निवडायला तांदूळ घेऊन. तांदूळ नसतील त्या दिवशी वाती वळायला कापूस. रिकाम्या हाताने, नुसतं बघायला म्हणून बसलेली आजी मी कधी पाहिली नाही. बघणारे ते आणि बघितल्या जाणाऱ्या आम्ही, ही वाटणी इतकी जुनी होती की ती वाटणी आहे हेसुद्धा कुणाला वाटत नसे. पुढे फोर्टात नोकरी लागली, नेरूळला बिऱ्हाड झालं, आणि लेडीज डब्यात चढायला लागले. पहिल्या काही आठवड्यांत फक्त धक्के कळत होते. मग एका सकाळी, मानखुर्द गेल्यावर, लक्षात आलं की मी मान वर करून बसले आहे. हातात काम नाही, पुस्तक नाही, आणि समोरच्या दहा-बारा जणींकडे मी सावकाश, एकीनंतर एक, मनसोक्त बघते आहे.

लेडीज डबा हा आमचा पार आहे.

१९९२च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली पूर्ण महिलांची लोकल सुटली. त्याच वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीला आली. आमच्या डब्यातल्या सर्वांत जुन्या काकू तेव्हापासून या मार्गावर आहेत. त्याआधी त्या नवी मुंबईतून बसने जायच्या. बसमध्ये त्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसायची, असं त्या म्हणतात, आणि गाडीत समोरासमोर बसायला लागल्यावर पहिल्यांदा माणसं दिसली. आमची ही लोकलची हार्बर लाइन, आणि हार्बरच्या लोकांना स्वतःच्या लाइनचा अभिमान बाळगायची फारशी संधी मिळत नाही. इथे फास्ट गाडी नाही, सगळ्या स्टेशनांवर थांबत थांबत जायचं. मेन लाइनवाल्यांना याची कीव येते. पण देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच हार्बरच्या रुळांवरून. आणि बघायची आवड असलेल्या माणसाला फास्ट गाडीचा उपयोग काय? प्रत्येक स्टेशन म्हणजे नवे चेहरे. सानपाड्याला, वाशीला ऑफिसवाल्या मुली गळ्यात ओळखपत्रं अडकवत उतरतात आणि मला बसायला मिळतं, निदान तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला. गोवंडीला चढणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून कधीकधी जरीकामाच्या कपड्याची चमकती कड डोकावते. चेंबूरला कॉलेजच्या मुली येतात, सगळ्यांचे केस ओले, सगळ्यांचा शॅम्पू एकच असावा असा वास. वडाळ्याला अंधेरीकडून आलेल्या गाडीतल्या बायका धावत येऊन चढतात, धापा टाकत उभ्या राहतात, आणि पुढची दोन स्टेशनं त्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मशीदला मोठ्या चौकोनी पिशव्यांच्या घड्या काखेत धरून उतरणाऱ्या वेगळ्या. त्या संध्याकाळी त्याच पिशव्या भरून, टाचणीलाही जागा उरणार नाही अशा, परत चढतात.

पुलावरची गोष्ट सांगायलाच हवी. वाशी आणि मानखुर्दच्या मध्ये खाडी, त्यामुळे बराच वेळ स्टेशन नाही. गाडी सरळ धावते, हिसके नाहीत. दाराशी उभी असलेली एखादी कागदात बांधलेलं निर्माल्य खाडीत सोडते आणि हात जोडते. हिवाळ्यात कुणीतरी "फ्लेमिंगो, फ्लेमिंगो" म्हणतं आणि पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसते न दिसते तोवर पूल संपतो. पण माझं लक्ष असतं सानपाड्याला चढणाऱ्या एका मुलीकडे. पंचविशीची असेल. पावडर, लिपस्टिक, कानातले, सगळं ती वाशीच्या आत उरकते, उभ्या उभ्या. आयलायनर मात्र हातात धरून थांबते. गाडीची चाकं पुलावर आली की आवाज बदलतो, खालून पोकळ घुमल्यासारखा. तो आवाज सुरू झाला की ती पाठीने पार्टिशनला टेकते, पाय फाकवून घट्ट रोवते, श्वास धरते आणि डाव्या पापणीवर एका दमात रेघ ओढते. मग श्वास सोडते. मग उजवी. शेजारच्या दोघी-तिघी तेवढा वेळ हातसुद्धा हलवत नाहीत. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा एका नव्या बाईने नेमका त्याच वेळी पर्समधून फोन काढायला कोपर उचललं, तर चार जणींनी एकदम "अहो!" केलं. रेघ नीट आली होती. मुलगी आरशात बघून हसली, आणि मला त्या कोपरवाल्या बाईचीही दया आली, तिला बिचारीला काय झालं तेच कळलं नव्हतं.

बघण्याचेही काही रिवाज आहेत, ते इथे येऊन शिकावे लागतात. डोळ्याला डोळा भिडला की पहिली नजर वर पंख्याकडे जाते. हातांकडे हवं तितकं बघता येतं, डब्याकडे, म्हणजे जेवणाच्या डब्याकडे, बघताना मात्र जपायचं. रात्रीच्या गाडीत, पावसाळ्यात काचा खाली ओढलेल्या असताना, बाहेर अंधार आणि आत दिवे, तेव्हा सगळा डबा काचेत उमटतो. त्या काचेतून बघितलेलं कुणाला लागत नाही. रडणाऱ्या मुलीकडे बघायचं नाही, असा मी माझा रिवाज ठेवला आहे. पण एकदा कॉटन ग्रीनच्या आसपास एक मुलगी फोन ठेवून हुंदके द्यायला लागली, आम्ही सगळ्या शिष्टपणे खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि कोपऱ्यातली एक जाडजूड बाई उठून सरळ तिच्यासमोर जाऊन म्हणाली, "काय झालं गं? घरचं का ऑफिसचं?" मुलगी म्हणाली, "ऑफिसचं." "मग रडतेस कशाला, ऑफिसं पन्नास मिळतात." आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मुलगी प्यायली, तोंड पुसलं, रे रोडला उतरून गेली. आमचं न बघणं बरोबर होतं की तिचं विचारणं, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही.

ही नजर नेहमी मायेचीच असते असं मी म्हणणार नाही. मी नवीन होते तेव्हा माझ्या तेल लावलेल्या वेणीकडे आणि रबरी चपलांकडे ज्या नजरा वळल्या त्या मला आजही आठवतात. पायांपासून सुरू होऊन केसांपर्यंत जाणारी आणि तिथे थांबून परत पायांशी येणारी ती नजर. मासळीची पाटी घेऊन चुकून चढलेल्या कोळणीला "लगेजमध्ये जा ना" म्हणताना नाकाला लावलेले पदर मी पाहिले आहेत, आणि त्याच बायका रविवारी तिच्याकडून बोंबील घेत असणार हेही मला माहीत आहे. बुरख्यातल्या बाईशेजारची जागा रिकामी असूनही उभी राहणारी एखादी असते. भांडणं तर रोजची. सीटवरून, पिशवीवरून, दारात उभं राहण्यावरून, आणि ती भांडणं ऐकताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर येणारा एक चोरटा आनंद, तोही माझ्या चेहऱ्यावर येतो. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये बराच वेळ थांबली की कुणीतरी हळूच म्हणतं, "कुणीतरी गेलं वाटतं." सगळ्या गप्प होतात. आणि मग एकेक हात वळून घड्याळ बघतो. त्या घड्याळ बघण्यात निष्ठुरपणा आहे की लेटमार्कची धास्ती, हे वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच मनगटावर असतं.

डब्यातली सर्वांत तरबेज नजर कुणाची, असं मला विचाराल तर मी क्लिपा विकणारीचं नाव घेईन. तारेच्या मोठ्या कड्याला क्लिपा, रबरं, टिकल्यांची पाकिटं लटकवून ती बेलापूरच्या बाजूने येते, कडं वरच्या दांडीला अडकवते आणि गप्प उभी राहते. ओरडत नाही. मी तिला बरेच दिवस न्याहाळलं तेव्हा उमगलं की ती चेहऱ्यांकडे बघतच नाही, ती डोकी बघते. कुणाची क्लिप तुटलीय आणि पेन खोचलंय, कुणी केस नुकतेच कापलेत, कुणाचे केस बाळंतपणानंतर गळायला लागलेत. अशा बाईसमोर ती बरोबर ती क्लिप धरते, लहान दातांची, पातळ केसांतून न निसटणारी. "ही घ्या. ही धरते." बाई चकित होऊन घेते. एकदा माझ्यासमोर तिने काळ्या रबरांचं पाकीट धरलं. आधीच्या आठवड्यात मी केस रंगवायचं थांबवलं होतं. "आता रंगीत नको ना?" ती म्हणाली. घरात ही गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आली नव्हती.

२२ मार्च २०२०ला गाड्या बंद झाल्या. त्या काळाबद्दल सगळ्यांनी इतकं सांगितलं आहे की मी फक्त माझ्यापुरतं सांगते. घरात बसून मला ज्यांची काळजी वाटत होती त्यात नातेवाईक होते, ऑफिसातली माणसं होती, आणि एक मेथीवाल्या काकू होत्या. रोज संध्याकाळच्या गाडीत त्या मेथीची जुडी सोडून बसायच्या. पानं एका पिशवीत, काड्या दुसऱ्या पिशवीत, कोवळे देठ पानांबरोबर. खाडी येईपर्यंत जुडी निवडून व्हायची आणि पूलभर त्या डोळे मिटून बसायच्या. त्यांच्या बोटांना त्या भाजीचा हिरवा कडवट वास असायचा, उतरताना त्यांनी दांडी धरली की मागाहून धरणाऱ्याच्या हाताला तो लागायचा. २१ ऑक्टोबर २०२०पासून बायकांना ठरावीक वेळेत गाडीत चढायची परवानगी मिळाली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओळखायचं कसं? तर हात, पिशव्या, उभं राहण्याची ढब. फॉल लावणारी लांबूनच ओळखू आली, खांद्यावर टोचलेल्या सुईवरून. आयलायनरवालीचे तर फक्त डोळेच दिसत होते, त्यामुळे ती सर्वांत आधी सापडली. काही जणी उशिरा, पुढच्या वर्षी आल्या. मेथीवाल्या काकू आल्या नाहीत. त्या निवृत्त झाल्या असतील, मुलाकडे पुण्याला गेल्या असतील, त्यांचं ऑफिसच बंद झालं असेल. मी कुणाला विचारणार? आणि काय म्हणून विचारणार? डब्यातल्या दुसऱ्या बाईला सांगितलं, तर तिला फक्त मेथीचा वास आठवला, चेहरा नाही. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की नाव माहीत असायला हवं होतं. बाजारात मेथीची जुडी उचलताना अजूनही मी आजूबाजूला बघते.

हल्ली बघण्यासारखं काही उरलं नाही, सगळ्या फोनमध्ये तोंड खुपसून बसलेल्या असतात, अशी तक्रार माझ्या वयाच्या बायका करतात. मला ती पटत नाही. ज्या बाईच्या दिवसाच्या दोन्ही टोकांना स्वयंपाकघर आहे तिला कानात वायर घालून तासभर एखादी मालिका बघाविशी वाटली, तर तो तिचा तास आहे. आणि फोनमधली माणसंही बघण्यासारखी असतात. रील बघून एकटीच हसणारी, हसू दाबताना जिचे खांदे हलतात ती. परीक्षेच्या दिवसांत वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावून "खालची ओळ, खालची, बोट काढ" असं मुलाला सांगणारी. तो मुलगा पनवेलच्या घरात, ही टिळकनगरच्या पुढे, आणि "सात अठ्ठे किती" या प्रश्नावर शेजारच्या तिघी मनात उत्तर देतात हे त्यांच्या ओठांवर दिसतं. एक मात्र खरं, पूर्वी नजरा जास्त वेळा एकमेकींना भेटायच्या. आता मी बघते ती बरेचदा एकतर्फी. त्यात सोय आहे, आणि थोडं एकटेपणही आहे.

माझ्या प्रवासातला सर्वांत आवडता भाग मात्र डब्याबाहेरचा आहे. डॉकयार्ड रोडनंतर रूळ उंचावरून जातात, सँडहर्स्ट रोडचं हार्बरचं स्टेशन तर मेन लाइनच्या डोक्यावरच आहे. जुन्या इमारती इतक्या जवळून जातात की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची घरं खिडकीच्या समोर येतात. गॅलरीत आरसा खिळ्याला टांगून दाढी करणारा माणूस. लोखंडी कठड्यावर वाळत टाकलेल्या गोधडीला काठीने मारणारी मुलगी. एका खिडकीत एक म्हातारी बाई रोज बसलेली असते, चहाची बशी हातात धरून, आणि ती गाडीकडे बघत असते. आम्ही तिच्याकडे, ती आमच्याकडे. तिच्या मांडीवर निवडायला काही नसतं. ती नुसती, उघडपणे, सकाळच्या वेळी बसून बघते. मला आजीची आठवण येते आणि आनंदही होतो.

तर लग्नानंतरच्या सोमवारी मी नेरूळला चढले. ती नेहमीच्या जागी होती, मांडीवर पंचा, पंचावर आंब्याच्या रंगाची साडी. माझ्या पोटात उगाच गोळा आला होता. वाशीला जागा झाली, मी समोर बसले. तिने दोन टाके घातले, मान वर केली आणि म्हणाली, "तुम्ही मुलीकडच्या?"

"हो. मामी तिची."

"आमची मोठी बहीण, तिचा मुलगा." मग सुई थांबवून जरा विचार केला आणि म्हणाली, "मठ्ठा आंबट होता."

"जरा."

बस. नाव तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने पुन्हा काठ हातात घेतला. आता आमचं खरंखुरं नातं जुळलं आहे, तिच्या भाच्याची बायको माझी भाची, म्हणजे दिवाळीला, बारशाला कधीतरी समोर येऊच. तिथे ती मला हळदीकुंकू लावेल, मुलं काय करतात विचारील, मीही विचारीन, आणि ते सगळं रीतसर होईल. गाडीत मात्र आम्ही दोघींनी, न ठरवता, जुनंच चालू ठेवलं आहे. मला त्याचा फार दिलासा वाटला. नातं जुळलं की प्रश्न सुरू होतात, उत्तरं द्यावी लागतात, काही लपवावं लागतं. इथे तिचा न शिवलेला श्रावण मला माहीत आहे आणि त्याचं कारण तिला मला सांगावं लागलेलं नाही. माझेही काही महिने तिने असेच पाहिले असणार.

जूनपासून डब्यात एक नवी मुलगी यायला लागली आहे. बोलण्यावरून लातूर-नांदेडकडची वाटते. पहिल्या नोकरीची कोरी करकरीत बॅग, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. पहिले चार दिवस तिने दांडी दोन्ही हातांनी धरली आणि खाली आपल्या पायांकडे बघत उभी राहिली. पाचव्या दिवशी मान वर आली. पुलावर आयलायनरची रेघ ओढली जाताना तिने पाहिली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग फॉल, मग क्लिपांचं कडं, मग मी. माझ्या चपलांपासून पांढऱ्या केसांपर्यंत तिने मला सावकाश बघून घेतलं आणि डोळ्याला डोळा भिडल्यावर पंख्याकडे बघायचं असतं हे तिला अजून माहीत नसल्यामुळे तशीच बघत राहिली. फॉल लावणारीने सुई खांद्याला टोचली, पंचाची घडी घातली आणि तिच्या कोपराला हात लावून म्हणाली, "कुठे उतरणार?"

"वडाळा."

"मग इथे बस. मी कुर्ल्याला उठते. आणि बॅग वर टाक, कुणी नेत नाही, आम्ही बघतोय."